सायंकाळचीं प्रश्नोत्तरें : पावसाची आठवण आणि पावसाचें माप

ज्येष्ठ महिना निम्मा सरला कीं घरोघरीं ओसरीवर एकच विषय निघतो, आणि तो म्हणजे पाऊस. वृत्तपत्र खालीं ठेवून आजोबा म्हणतात, "आमच्या लहानपणीं मृगाचा पाऊस मृगांतच पडावयाचा. हल्लीं कशालाच नेम उरला नाहीं." आजी आंतून दुजोरा देतात. तेवढ्यांत कॉलेजांत जाणारा नातू फोनवरची दृष्टि न काढतां म्हणतो, "आजोबा, हें तर तुम्ही दर वर्षींच म्हणतां!" आजोबा गप्प बसतात, आणि एक चांगलें संभाषण तेथेंच संपतें.

वस्तुतः या वादांत दोन्ही पक्षांजवळ मोलाचें कांहीं तरी आहे. आजोबांनीं सत्तर पावसाळे अंगावर घेतलेले असतात. गळणारीं घरें, आटलेल्या विहिरी, दुथडी वाहणाऱ्या नद्या त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेल्या असतात. नातवाजवळ आंकडे असतात, पण त्या आंकड्यांनीं त्याचे कपडे कधीं भिजलेले नसतात. मात्र आठवणीचा एक स्वभाव आहे : ती असाधारण तेवढें जपते आणि साधारण तेवढें टाकून देते. १९७२ चा दुष्काळ, ती सुकडी, तीं खडी फोडण्याचीं कामें पुष्कळांस काल घडल्यासारखीं आठवतात. पण ज्या वर्षीं पाऊस वेळेवर आला, पुरेसा पडला आणि वेळेवर गेला, असें एखादें वर्ष सांगा म्हटलें तर सर्वजण एकमेकांकडे पाहतात. आठवणीला मापाची जोड मिळाली तर वडिलांच्या शब्दास घरांत पुन्हां वजन येईल, असें माझें मत आहे. आणि ती जोड देण्यास भांडण नको, एक खेळ पुरे.

खेळाचे नियम थोडेच आहेत. दिवेलागणीनंतर सर्वांनीं एकत्र बसावें. घरांतील वाचतां येणाऱ्या सर्वांत लहान मुलानें प्रश्न वाचावा. उत्तर देण्याचा पहिला मान सर्वांत वडील माणसाचा. उत्तरासोबत कारण सांगितलेंच पाहिजे. नुसता तर्क चालणार नाहीं. कोणाचें उत्तर चुकल्यास हंसूं नये, "असें कां वाटलें?" एवढेंच विचारावें. त्यानंतर पुढील उत्तर वाचावें.

प्रश्न १ : "आज दंव पडलें" असें आपण म्हणतों. तें पडतें कोठून?

कोठूनच नाहीं. दंव पडत नाहीं. तें जागच्या जागीं जमतें. रात्रीं गवताचें पातें, तुळशीचें पान, अंगणांतला पत्रा हीं आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात आणि भोंवतालच्या हवेपेक्षांहि थंड होतात. मग त्यांस टेकलेल्या हवेंतील बाफ पाणी होऊन त्यांवर बसते. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, तोच हा प्रकार. आकाशांत ढग असले म्हणजे ते पांघरुणाचें काम करितात आणि जमीन तितकी निवत नाहीं; म्हणून ढगाळ रात्रीनंतर सकाळीं दंव बहुधा दिसत नाहीं. हरभऱ्याच्या शेतांतून पहाटे अनवाणी चाललेल्यांनीं आपला अनुभव येथें ताडून पाहावा.

प्रश्न २ : दुपारच्या आकाशांत कापसाच्या ढिगासारखा दिसणारा एक पांढरा ढग वजनाला किती भरेल?

तो ढग लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींत एक एक किलोमीटर आहे असें धरूं. अशा ढगाच्या दर घनमीटरांत सुमारें अर्धा ग्रॅम पाणी असतें, आणि घनमीटर होतात शंभर कोटि. म्हणजे पाणी झालें पांच लक्ष किलो. पांच पांच हजार किलोंचे शंभर हत्ती! मग हे शंभर हत्ती आपल्या डोक्यावर कां कोसळत नाहींत? कारण तें पाणी अत्यंत सूक्ष्म कणांत विभागलेलें असतें. एकेक कण मिलिमीटराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. वर चढणारी हवा त्यांस सहज तोलून धरते. असे सुमारें दहा लक्ष कण एकत्र यावे तेव्हां पावसाचा एक थेंब होतो. तो थेंबहि चित्रांत काढतात तसा वर निमुळता नसतो. लहान थेंब मण्यासारखा वाटोळा असतो, तर मोठा थेंब हवेच्या रेट्यानें तळाशीं चपटा होऊन, पाटावर बसविलेल्या लाडवासारखा दिसतो.

प्रश्न ३ : वीज किती दूर पडली हें घरबसल्या कसें सांगावें?

वीज चमकतांच सेकंद मोजूं लागावें आणि गडगडाट ऐकूं येतांच थांबावें. आलेल्या संख्येस तिनांनीं भागिलें कीं किलोमीटर निघतात, कारण एक किलोमीटर येण्यास ध्वनीस सुमारें तीन सेकंद लागतात. विजेच्या मार्गांतील हवा क्षणार्धांत सुमारें तीस हजार अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षां ही उष्णता पांचपट झाली. ती हवा एकाएकीं फुगते, तिचाच तो गडगडाट. पुष्कळ घरांत अशा वेळीं मुलांकडून अर्जुनाचीं दहा नांवें म्हणवून घेण्याची चाल होती. ती अवश्य चालूं ठेवावी. मुलांची भीति जाते. मात्र एकानें नांवें म्हणावीं आणि दुसऱ्यानें सेकंद मोजावे. मोजणी तिसांच्या आंत आली, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे असें समजून अंगणांतल्यांनीं घरांत यावें. शेतांत असल्यास एकट्या उंच झाडाचा आसरा घेऊं नये.

प्रश्न ४ : दिवसाच्या कोणत्या वेळीं इंद्रधनुष्य कधींच दिसावयाचें नाहीं?

पावसाळ्यांतील भर दुपारीं. इंद्रधनुष्य नेहमीं सूर्याच्या समोरच्या दिशेस उमटतें : सकाळीं पश्चिमेस आणि सायंकाळीं पूर्वेस. सूर्य क्षितिजापासून बेचाळीस अंशांहून वर चढला कीं तें सर्वच्या सर्व क्षितिजाखालीं जातें आणि सपाट जमिनीवरून पाहणाऱ्यास दिसत नाहीं. एखाद्या वाचकांस "मीं दुपारीं बारा वाजतां पाहिलें" असें आठवत असेल, तर तें सूर्याभोंवतीं पडणारें खळें असावें. इंद्रधनुष्य पाहतांना सूर्य पाठीशीं असतो. खळें सूर्यास वेढून असतें. हा भेद नातवंडांस अवश्य दाखवावा.

प्रश्न ५ : पहिल्या पावसाच्या मातीचा वास हा मातीचा असतो काय?

पुरता नाहीं. मातींत राहणारे कांहीं सूक्ष्म जीव एक गंधद्रव्य तयार करितात. कोरड्या दिवसांत झाडापाल्यांतून निघालेलीं तेलेंहि माती आणि दगड शोषून घेतात. पहिले थेंब जोरानें आपटले कीं मातींतून बारीक बारीक बुडबुडे उडतात आणि हा सर्व गंध हवेंत मिसळतो. मनुष्याचें नाक यांतील जीवजन्य गंधाविषयीं फार तीक्ष्ण आहे. अब्जावधि भागांत त्याचे दोन-चार भाग असले तरी तें ओळखतें. १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोघां शास्त्रज्ञांनीं या वासास "पेट्रिकोर" असें नांव दिलें. परंतु आपल्याकडे कनोजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीवरून हाच गंध ऊर्ध्वपातनानें चंदनाच्या तेलांत उतरवीत, आणि "मिट्टी अत्तर" या नांवानें तो आजहि विकतात. म्हणजे शास्त्रानें नांव देण्यापूर्वींच आमच्या कारागिरांनीं तो कुपींत भरून ठेविला होता.

प्रश्न ६ : गुडघे दुखूं लागले कीं पाऊस येणार, हें खरें काय?

या प्रश्नास आजींनीं आधीं उत्तर द्यावें हें उचित. पुष्कळ वर्षें वैद्यकशास्त्र याची थट्टा करीत असे, आणि कांहीं परीक्षणांत असा संबंध आढळलाहि नाहीं. परंतु २०१९ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, दोन हजारांहून अधिक रोग्यांनीं आपल्या दुखण्याची रोज नोंद ठेविली. तींत दमट हवा, हवेचा कमी दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशीं दुखणें थोडें वाढतें असें दिसून आलें. मात्र "थोडें" या शब्दाकडे दुर्लक्ष करूं नये. गुडघे अगदींच खोटें बोलत नाहींत, पण त्यांच्या भरंवशावर वाळवण आंत घेणें अथवा न घेणें हेंहि बरें नव्हे.

येथवर जे प्रश्न झाले ते नुसत्या निरीक्षणाचे होते. आतां मापाकडे वळूं. कारण आजोबा आणि नातू यांचा खरा वाद तेथेंच आहे.

प्रश्न ७ : अंगणांत एक रुंद घंगाळ आणि एक अरुंद पेला ठेविला. दोहोंच्या बाजू सरळ आहेत. पावसाच्या पाण्याची खोली कोणांत अधिक भरेल?

दोहोंत सारखीच. रुंद तोंडांत अधिक थेंब पडतात, पण ते अधिक जागेवर पसरतात. म्हणून पाऊस खोलीनें मोजला कीं भांडें कोणतेंहि चालतें. परंतु पाणी आकारमानानें मोजावयाचें असेल, तर भांड्याच्या तोंडाचें माप ठरवून द्यावेंच लागतें. आमच्या पूर्वजांनीं नेमकें हेंच केलें आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत कोठारामध्यें एक अरत्नि तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं ठेवावें असें सांगितलें असून जांगल देशास सोळा द्रोण आणि अनूप देशास त्याच्या दीडपट असें पावसाचें प्रमाण दिलें आहे. अश्मक, अवंती इत्यादि देशांचीं मापें निराळीं. वराहमिहिरानेंहि बृहत्संहितेंत एक हात रुंदीचें कुंड सांगून आढक आणि द्रोण यांनीं पाऊस मोजण्याची रीत दिली आहे. "पाऊस देवाच्या हातीं" असें म्हणणाऱ्या समाजानेंच तो मोजण्याचें भांडेंहि सरकारी कोठारांत ठेविलें होतें, हें विसरतां कामा नये.

प्रश्न ८ : श्रावणांत दिवसभरांत एक हलकी सर येऊन गेली, अंगण नुसतें ओलें झालें. हवामानखात्याच्या हिशेबीं तो "पावसाचा दिवस" झाला काय?

बहुधा नाहीं. सकाळीं साडेआठपासून दुसऱ्या दिवशींच्या साडेआठपर्यंत निदान अडीच मिलिमीटर पाऊस पडला तरच तो दिवस पावसाचा धरितात. अडीच मिलिमीटर म्हणजे जवळजवळ इंचाचा दहावा हिस्सा. ज्या वडील मंडळींस अद्याप इंचच सोयीचे वाटतात, त्यांनीं एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हें ध्यानीं ठेवावें. याहून उपयोगी आणखी एक सूत्र आहे : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी झालें. या एका सूत्रानें कोणत्याहि अंगणाचा किंवा गच्चीचा हिशेब तोंडीं करितां येतो.

प्रश्न ९ : २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत किती पाऊस पडला?

या प्रश्नास एक उत्तर नाहीं. आणि हीच त्याची शिकवण आहे. सांताक्रूझ येथें त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वरील सूत्रानें पाहिल्यास दर चौरस मीटरावर ९४४ लिटर पाणी. उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत येईल इतकें. त्याच वेळांत, वीस-पंचवीस किलोमीटरांवरील कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पडला. त्या आपत्तींत राज्यांत हजाराहून अधिक माणसें दगावलीं. म्हणून अंधेरीचे काका जेव्हां म्हणतात, "तसा पाऊस जन्मांत पाहिला नाहीं," आणि कुलाब्याच्या मावशी म्हणतात, "आमच्याकडे तर नेहमींसारखाच होता," तेव्हां दोघेंहि खरेंच बोलतात. सूर्य त्या वेळीं पुष्य नक्षत्रांत होता. आमचे शेतकरी ज्यास म्हातारा पाऊस म्हणतात तो हाच! म्हाताऱ्यांस कोणीं हलकें समजूं नये.

प्रश्न १० : पुण्यांतील "सिमला ऑफिस"चा सिमल्याशीं काय संबंध, आणि अलिबागच्या वेधशाळेचा मुंबईच्या ट्रामशीं काय?

भारतीय हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें; २०२५ सालीं त्यास दीडशें वर्षें पुरीं झालीं. त्याची मुख्य कचेरी पूर्वीं सिमल्यास होती. १९२८ सालीं ती पुण्यास शिवाजीनगरांत आली आणि पुणेकरांनीं तिला माहेरचेंच नांव लावून दिलें. पुढें १९४४ सालीं मुख्य कचेरी दिल्लीस गेली, पण येथील नांव कायम राहिलें. अलिबागची गोष्ट याहून मौजेची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेत असत. मुंबईंत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां त्या विजेनें नाजूक चुंबकसूच्या विचलित होतील हें ओळखून तें काम १९०४ सालीं खाडीपलीकडे अलिबागेस हलविलें. मापाची शुद्धता राखण्यासाठीं माणसें किती दूर जातात, याचें हें एक चांगलें उदाहरण होय.

प्रश्न ११ : मृग नक्षत्र दर वर्षीं ७ जूनच्या सुमारासच कां लागतें? आणि तें सदैव तेव्हांच लागत आलें आहे काय?

पावसाचीं नक्षत्रें हीं सूर्याचीं नक्षत्रें आहेत. सूर्य मृगांत शिरतो तो वर्षाच्या ठराविक दिवशीं, म्हणून इंग्रजी तारीख बहुधा बदलत नाहीं. चांद्रतिथि मात्र बदलते. परंतु दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर "नाहीं" असें आहे. नक्षत्रें ताऱ्यांशीं बांधलेलीं आहेत, तर ऋतु सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाशीं. पृथ्वीचा आंस भोंवऱ्याच्या कण्याप्रमाणें अत्यंत मंद गतीनें डुलतो. त्यामुळें या दोहोंमध्यें सुमारें बहात्तर वर्षांत एक दिवसाचें अंतर पडत जातें. यासच आपण अयनचलन म्हणतों. सहाव्या शतकांत वराहमिहिर लिहितो कीं, दक्षिणायन सूर्य कर्केच्या आरंभीं असतांना होतें. आज तें आर्द्रांच्या आरंभाजवळ होतें. हिशेब केला तर त्याच्या काळीं सूर्य मृगांत येई तो ऋतुमानानें आजच्यापेक्षां सुमारें तीन आठवडे आधीं, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास. तेव्हां आमच्या मुलखांत मृग हें पावसाचें नव्हे, वळवाचें नक्षत्र असलें पाहिजे! आणखी हजार वर्षांनीं तें जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत लागेल. पाऊस मृगाची वाट पाहत नाहीं. तो तापलेल्या जमिनीची आणि समुद्रावरील वाऱ्यांची वाट पाहतो. गेल्या कांहीं शतकांत दोघांची गांठ पडली, म्हणून आपण त्यांचें लग्न लाविलें.

प्रश्न १२ : पंचांगांतील पावसाचें वाहन कसें ठरवितात?

सूर्य ज्या नक्षत्रांत शिरला, तेथून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावें, नवांनीं भागावें आणि बाकी पाहावी. बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती यांपैकीं एक वाहन मिळतें. बेडूक, म्हैस, हत्ती आले कीं पाणी पुष्कळ, अशी समजूत. आतां विचार करावा. या गणितांत वारा, ढग, हवेचा दाब यांपैकीं कांहींहि येत नाहीं. आणि एकच वाहन साऱ्या देशास लागू पडतें. महाबळेश्वरास वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून वीस किलोमीटरांच्या आंत असलेल्या पांचगणीस त्याच्या सुमारें एक तृतीयांश. एकच हत्ती दोन्ही गांवीं गेला, तरी सोंडेंतलें पाणी सारखें कसें सांडणार? सह्याद्रीच्या माथ्यावर चढतांना ढग रिते होतात आणि पलीकडे उतरतांना कोरडे पडतात, हें खरें कारण. वाहनांचा खेळ मुलांबरोबर अवश्य खेळावा. पेरणी मात्र त्यावर करूं नये.

प्रश्न १३ : तर मग आजोबांचें म्हणणें खरें कीं नातवाचें?

येथें हवामानखात्यासच साक्षीस बोलावूं. पुष्कळ वर्षांच्या नोंदी तपासून त्यानें २०२० सालीं मोसमी पावसाच्या येण्याजाण्याच्या सर्वसाधारण तारखा नव्यानें ठरविल्या. मुंबईस पाऊस येण्याची तारीख १० जूनची ११ जून झाली; म्हणजे येण्यांत फारसा फरक नाहीं. परंतु मुंबईहून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. वायव्य भारतांतून तो निघूं लागण्याचा दिवस १ सप्टेंबरचा १७ सप्टेंबर झाला. "हल्लीं पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो" असें जीं वडील माणसें कित्येक वर्षें सांगत होतीं, त्यांचें म्हणणें अशा रीतीनें सरकारी दप्तरांत शिरलें. "मृग चुकतो" या तक्रारीस मात्र सरासरीचा तसा आधार मिळाला नाहीं.

पण सरासरी म्हणजेहि सर्वस्व नव्हे. २०२३ सालीं मोसमी पाऊस मुंबईस २५ जूनला पोंचला, आणि गंमत अशी कीं, त्याच दिवशीं दिल्लीसहि पोंचला. असें १९६१ नंतर प्रथमच घडलें. पुढें २०२५ सालीं तो मुंबईंत २६ मे रोजींच दाखल झाला. इतका लवकर तो पूर्वीं कधीं आल्याची नोंद नाहीं. दोन वर्षांच्या अंतरानें एकाच शहराच्या पावसांत महिन्याचा फरक! आजोबा ज्यास "नेम उरला नाहीं" म्हणतात तो हा चढउतार, आणि नातू ज्यास "नेहमींचेंच" म्हणतो ती ही सरासरी. दोघे एकाच पावसाविषयीं बोलतात, पण एकजण टोकें पाहतो आणि दुसरा मध्य.

म्हणून या महिन्यांत प्रत्येक घरानें एक गोष्ट करावी, अशी माझी विनंति आहे. सरळ बाजूंची, सपाट तळाची एक कांचेची बरणी घ्यावी. अंगणांत किंवा गच्चींत, भिंत वा झाड जितकें उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर, ती सपाट जागीं पक्की बसवावी. रोज सकाळीं साडेआठ वाजतां मुलांच्या मोजपट्टीनें पाण्याची खोली पाहावी, वहींत लिहावी आणि पाणी ओतून टाकावें. वाचून दाखविण्याचें काम नातवाचें, लिहिण्याचें काम आजोबांचें. आंकड्याशेजारीं एक लहानसा रकाना आजोबा-आजींसाठीं मोकळा ठेवावा. "आज बेडूक फार ओरडले," "मुंग्या अंडीं घेऊन भिंतीवर चढल्या," "१९७२ च्या साली या दिवशीं आकाश असेंच कोरडें होतें," असें जें मनांत येईल तें त्यांत नोंदावें. आंकड्यांची नोंद सरकार ठेवितें. या रकान्यांतली नोंद दुसरें कोणीहि ठेवणार नाहीं. ती ज्यांच्याजवळ आहे तीं माणसें आज आपल्या ओसरीवर बसलेलीं आहेत, आणि आपण विचारलें तर आनंदानें सांगतील. दहा पावसाळ्यांनंतर ती वही घरांतील कोणत्याहि दागिन्याहून मोलाची ठरेल.

शेवटीं, पुढील अंकापर्यंत एक हिशेब घरच्या मंडळींवर सोंपवितों. चार मीटर लांब आणि पांच मीटर रुंद असें एक अंगण आहे. रात्रीं ३५ मिलिमीटर पाऊस झाला. सूनबाईंनीं तें सर्व पाणी दहा लिटरांच्या घागरींत भरून ठेवावयाचें ठरविलें, तर घागरी किती लागतील? कागद-पेन्सिल न घेतां आधीं सर्वांत वडील माणसानें उत्तर द्यावें. तें बरोबर आल्यास नातवानें त्या दिवशीं त्यांच्यासाठीं चहा करावा.